एसेमेस्का आणि एष्टी : इंग्रजीतून आलेला शब्द रुजला की नाही, हे तपासायची रीत

चेक भाषेत एस.एम.एस. ही तीन इंग्रजी अक्षरं पोचली तेव्हा लोकांनी त्यांचा उच्चार एका दमात ओढला, शेवटी '-का' हा आपला जुना स्त्रीलिंगी प्रत्यय लावला आणि 'एसेमेस्का' असं नाम तयार केलं. मग त्याचं अनेकवचन झालं, साती विभक्त्यांत ते चालू लागलं आणि एसेमेस पाठवण्यासाठी 'एसेमेस्कोवत' हे क्रियापदही झालं. आपल्याकडे एस.टी.चं हेच झालं. महाड, चिपळूण, कणकवली, कुठल्याही स्थानकावर कान द्या : 'एष्टी चुकली', 'पिशवी एष्टीत राहिली', 'दोन एष्ट्या सोडल्या', 'एष्टीवाल्यांना विचार'. त्या दोन अक्षरांमागचं स्टेट आणि ट्रान्सपोर्ट कुणाच्या मनातही येत नाही.

चेक आणि मराठी एकमेकींपासून हजारो कोस दूर, पण दोघींतही तीन लिंगं आहेत आणि दोघींतही नामाला वाक्यात शिरताना रूप पालटावं लागतं. इंग्रजीत यातलं जवळजवळ काहीच नाही. म्हणून इंग्रजी शब्द आत आला की दोन्ही भाषा त्याला सारखेच प्रश्न विचारतात : तुझं लिंग कोणतं, अनेकवचन कसं, प्रत्यय कुठे लावायचा, तुझं क्रियापद कसं करायचं? प्रागच्या चेक भाषा संस्थेत नव्या शब्दांचा 'नेओमात' नावाचा संग्रह ठेवतात. त्यात शब्द सुटा नसतो, ज्या वाक्यात सापडला त्या वाक्यासकट असतो. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बोलींतले शब्द जमवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि वाचनालयांनी उचलावी अशी हीच सवय आहे. पुढची रीत तिच्यावरच उभी आहे.

आधी चाळणी

कानावर पडलेला प्रत्येक इंग्रजी शब्द टिपू लागलात तर संध्याकाळपर्यंत वही भरेल आणि हाती काही लागणार नाही. 'ॲक्च्युअली माझा पॉइंट असा आहे' असं बोलणारा माणूस दोन भाषा मिसळतो आहे. ते त्याचं बोलणं झालं, भाषेचा शब्द नव्हे. टिपण्याजोगा शब्द ओळखायला तीन प्रश्न पुरतात. इंग्रजी न शिकलेला माणूस तो शब्द वापरतो का? त्याला मराठी प्रत्यय लागतात का? त्याच्यापासून आणखी एखादा शब्द झाला आहे का? यांपैकी दोन प्रश्नांना 'हो' आलं तर कार्ड करा. एकालाच आलं तर शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि पुन्हा कानावर पडायची वाट पाहा.

शुद्धलेखनाचा जो आधार चेक अभ्यासकाला मिळतो तो आपल्याला मिळत नाही, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावं. चेकमध्ये फुटबॉल, ज्यूस, वीकेंड हे शब्द आता चेक वळणाने लिहितात. 'लीझिंग'सारखा शब्द इंग्रजी आणि चेक अशा दोन्ही वळणांनी छापलेला दिसतो, म्हणजे तो अजून वाटेत आहे. तिथे लिपी एकच असल्यामुळे स्पेलिंग बदललं की शब्द स्थिरावत चालल्याची खूण मिळते. देवनागरीत मात्र शब्द पहिल्याच दिवशी नव्या लिपीत येतो, त्यामुळे काल आलेला आणि शंभर वर्षांपूर्वी आलेला सारखेच दिसतात. आपली खूण उच्चारात शोधायची. 'ऑ' आणि 'ॲ' हे स्वर टिकले आहेत की गेले, ते ऐका : हॉटेल की हाटेल, कॉलेज की कालेज, ऑफिस की हापिस. शब्दारंभीच्या 'स्ट'चं काय झालं तेही ऐका : स्टेशन, टेशन की ठेसन. छापील बोर्डावर 'हॉटेल' असतं आणि त्याच्या दारात उभा असलेला माणूस 'हाटेलात बस' म्हणतो. कार्डावर दोन्ही रूपं हवीत.

कुठे, कधी ऐकायचं

धंद्याच्या गडबडीत माणूस शब्द निवडत बसत नाही. म्हणून मुलाखतीपेक्षा लिलाव बरा. मिरकरवाडा, हर्णै, मालवण इथले मासळीचे लिलाव उत्तम, पण यंत्रनौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा तिकडे फिरकून उपयोग नाही. त्या दिवसांत नौका वर ओढलेल्या असतात आणि इंजिनाची, जाळ्यांची दुरुस्ती चालते. यंत्रांचे शब्द हवे असतील तर हाच काळ. आंब्याच्या शब्दांसाठी मार्च ते मे. गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस रेल्वे स्टेशनवर आणि एष्टी स्टँडवर घालवा, 'वेटिंग', 'ग्रुप बुकिंग', 'गणपती स्पेशल' यांची चालती रूपं आपसूक मिळतील.

एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त ऐकू नका. त्यानंतर कानाला सगळंच ओळखीचं वाटू लागतं. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा. 'मावशी, तुमचं बोलणं लिहून घेऊ का?' एवढं पुरतं. टिपण त्याच संध्याकाळी पक्कं करा. दुसऱ्या दिवशी आठवणीतलं वाक्य तुमच्या स्वतःच्या प्रमाण मराठीत सरकलेलं असतं, आणि ते कळतही नाही.

एक प्रश्न मात्र कधीच विचारू नये : 'याला मराठीत काय म्हणता?' तो ऐकला की समोरचा माणूस शाळेत गेल्यासारखा सावरून बसतो आणि 'भ्रमणध्वनी' म्हणतो. त्याऐवजी कृती विचारा. 'ही जाळी आत कशी घेता?', 'पेटी कशी भरता?', 'तिकीट निघालं नाही तर काय करता?' उत्तरात शब्द येतोच, आणि प्रत्ययांसकट येतो.

कार्डावर काय असावं

१०×१५ सेंटिमीटरचं जाड कार्ड घ्या किंवा संगणकात तक्ता करा. एका कार्डावर एकच शब्द. वर ऐकलेला उच्चार, त्याखाली जसंच्या तसं वाक्य. मग गाव, तारीख, बोलणाऱ्याचा व्यवसाय आणि वयाचा साधारण टप्पा. नाव लिहायचं नाही. त्यानंतर लिंग, अनेकवचन, सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी नामाचं होणारं रूप, जसं टेबल-टेबला), सोबत येणारं क्रियापद, त्यापासून झालेले शब्द, आणि त्याच अर्थाचा आधीचा स्थानिक शब्द अजून चालतो का. ज्या रकान्याला पुरावा देणारं वाक्य नाही तो रिकामा ठेवा. अंदाजाने भरलेला रकाना पुढे कुणालाच ओळखता येत नाही.

शब्द कुठून आला यासाठी दोन रकाने लागतात : 'आपल्याला कुणी दिला' आणि 'मूळ कुठलं'. एकाच रकान्यात भागवलं की घोटाळा होतो. 'रोबो' घ्या. मराठीला तो इंग्रजीने दिला, पण इंग्रजीला दिला चेकने. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकात तो पहिल्यांदा आला; शब्द सुचवला होता त्यांचे भाऊ योसेफ यांनी, वेठबिगारी या अर्थाच्या 'रोबोता'वरून. कोकणात याच्या उलट बाजूचा धोका जास्त. इस्पितळ, मेस्त्री, पाद्री, पगार, चावी, बालदी हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, हापूससुद्धा 'अफोन्सो'वरून. नवखा माणूस इस्पितळाला बेधडक इंग्रजी 'हॉस्पिटल'च्या खाती टाकतो. अशा वेळी त-द आणि ट-ड यांच्याकडे पाहा. इंग्रजीतले टी-डी मराठी कानाला मूर्धन्य, म्हणजे ट-ड, वाटतात, म्हणून टेबल, डॉक्टर, बोट, रिपोर्ट. पोर्तुगीज त-द दंत्यच राहतात, म्हणून इस्पितळ, मेस्त्री, पाद्री. ही नुसती खूण आहे, नियम नव्हे : बटाटा पोर्तुगीज असून त्यात दोन 'ट' आहेत, आणि तिकीट इंग्रजी असून 'त'ने सुरू होतं. शंका असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडा. तिथे शब्द सापडला तर तो निदान 'नवा' तरी नाही.

लिंग कसं काढायचं

'हा शब्द कोणत्या लिंगाचा?' असं विचारून खरं उत्तर मिळत नाही. चौकटीचं वाक्य तयार ठेवा : '___ आला / आली / आलं', '___ हरवला / हरवली / हरवलं'. सिंधुदुर्गात काम अधिक सोपं, कारण मालवणीत क्रियापदाचा शेवटचा स्वर लिंग ठळक सांगतो : फोन इलो, एष्टी इली, बिल इला. तिथे नपुंसकलिंगी रूप 'इला' असं आकारान्त असतं हे विसरू नका. प्रमाण मराठीच्या सवयीने ते पुल्लिंगी समजलात तर सगळी नपुंसक नामं चुकीच्या खान्यात जातील.

लिंग ठरतं कसं? चेकमध्ये बहुतेक वेळा शब्दाचा शेवट ठरवतो. व्यंजनाने संपला की पुल्लिंगी, 'आ'ने संपला की स्त्रीलिंगी, 'ओ'ने संपला की नपुंसकलिंगी. म्हणून ई-मेल पुल्लिंगी, एसेमेस्का स्त्रीलिंगी, व्हिडिओ नपुंसकलिंगी. 'शो' या शब्दाला मात्र शेवट चालला नाही. त्याला अर्थाने स्त्रीलिंगी केलं आणि विभक्तीत त्याचं रूपच बदलत नाही.

मराठीत शेवटापेक्षा शेजार महत्त्वाचा. बस, ट्रेन, सायकल, रिक्षा, कार या सगळ्या 'गाडी'च्या पाठोपाठ स्त्रीलिंगात गेल्या. बोट 'होडी'च्या, बँक 'पेढी'च्या संगतीने. हॉटेल, कॉलेज, स्टेशन, ऑफिस या जागा नपुंसक. पण ट्रक पुल्लिंगी का, याला 'गाडी'ने उत्तर मिळत नाही. तो बहुधा आकाराने मोठा म्हणून तिकडे गेला असावा. कारण सापडलं नाही तर नुसतं लिंग लिहा, कारण रचू नका.

जिथे लिंग डळमळतं तिथे सगळ्यात जास्त माल असतो. पेन काहींचा 'तो', काहींचं 'ते'. मेल 'आला'ही आणि 'आली'ही. अशा शब्दांना बोलणाऱ्यांच्या वयासकट प्रत्येक बाजूची निदान तीन वाक्यं हवीत. आणि लिंग म्हणजे नुसती बाहेरची खूण नव्हे. 'बोट'चंच पाहा. हाताचं बोट नपुंसक, समुद्रातली बोट स्त्रीलिंगी, म्हणून 'बोटात अडकलं' आणि 'बोटीत अडकलं' यांत कुणाची गल्लत होत नाही. इंग्रजी शब्द आला तेव्हा जागा अडलेली होती, तर लिंगाने वाट काढून दिली.

सामान्यरूप : खरी परीक्षा इथे

शब्द रुजला की नाही हे मराठीत सगळ्यात अचूक सांगतं ते सामान्यरूप. टेबल, टेबलावर. इंजिन, इंजिनाचं. बँक, बँकेत. फाइल, फायलीत. बोट, बोटीवर. या शब्दांनी मराठीला आपलं अंग वळवू दिलं आहे. उलट 'बसमध्ये', 'रेंजमध्ये', 'व्हॉट्सॲपवर', 'फोनला' यांत शब्द ताठच राहिला, प्रत्यय नुसता चिकटला.

तपासायची युक्ती अशी. 'मध्ये', 'वर', 'ला' हे ताठ शब्दालाही लागतात, त्यामुळे त्यांच्यावरून काही कळत नाही. 'त' हा स्थलवाचक प्रत्यय मात्र सामान्यरूप झाल्याशिवाय व्यंजनान्त शब्दाला लागतच नाही. म्हणून बोलणारा 'कॉलेजात' म्हणतो की 'कॉलेजमध्ये', 'मार्केटात' की 'मार्केटमध्ये', 'क्रेटात' की 'क्रेटमध्ये', एवढंच ऐका. किनाऱ्यावर, विशेषतः वयस्क माणसांच्या बोलण्यात, 'त'ची रूपं जास्त भेटतात. शहरात शिकून आलेली मुलं 'मध्ये'कडे झुकतात. एकाच घरात आजी 'हाटेलात' आणि नात 'हॉटेलमध्ये' म्हणते. दोन्ही नोंदवा, आणि कुणाचंही चूक ठरवू नका.

दोन सावधगिऱ्या. ईकारान्त शब्दांवर ही परीक्षा चालत नाही, कारण जेटीवर, एष्टीत, ट्रॉलीत यांत सामान्यरूप झालं तरी दिसत नाही. दुसरी अशी की सामान्यरूप नाही म्हणून शब्द नवा, असं उलटं अनुमान काढू नये. फोन इतका जुना असून आजही 'फोनवर'च आहे, 'फोनावर' कुणी म्हणत नाही. ताठपणा नुसत्या वयावर ठरत नाही. शब्दाचा साचा आणि तो कुणाच्या तोंडी आधी बसला, यावरही ठरतो.

अनेकवचनाचं पाहायचं तर टेबलं, हॉटेलं, बिलं, बँका, बॅगा, फायली, सायकली ही मराठी अनेकवचनं. बसेस, फाइल्स, पोस्ट्स ही इंग्रजी 's' घेऊन आलेली. 'बसेस' एष्टीच्या सूचनाफलकावर दिसतं, पण थांब्यावर उभा माणूस 'दोन बस गेल्या' म्हणतो. इथे जुनी खोड अशी की 's' कधी कधी एकवचनातच घुसून बसतो. चेकांनी जीन्सचा 's' काढून आपला अनेकवचनी प्रत्यय लावला, पण चिप्सचा 's' तसाच ठेवून त्यावर पुन्हा आपला प्रत्यय चढवला. आपण 'ही जीन्स' असं सरळ स्त्रीलिंगी एकवचन केलं. आंबा बागायतदारांचा 'थ्रिप्स' मात्र या यादीत घालू नका. मोहरावरच्या त्या किडीच्या नावातला 's' ग्रीक मूळ शब्दाचाच आहे. इंग्रजीतही एक कीड थ्रिप्स आणि दहा किडी थ्रिप्स. 'थ्रिप्स पडला' हे एकवचन बरोबर आहे.

क्रियापद : इथे दोन भाषांच्या वाटा फुटतात

चेकला परक्या शब्दाचं क्रियापद करायचं तर प्रत्यय लावावाच लागतो. तिचा नेहमीचा प्रत्यय '-ओवत' : लाइकोवत, स्केनोवत, गूग्लोवत. शिवाय चेकसारख्या स्लाव्ह भाषांना क्रिया चालू आहे की पुरी झाली हे क्रियापदातच दाखवावं लागतं, म्हणून 'गूग्लोवत' म्हणजे शोधत राहणं आणि पुढे उपसर्ग लागलेलं 'विगूग्लित' म्हणजे शोधून काढणं.

मराठीने एकेकाळी असंच केलं होतं. बदल, खर्च या अरबी-फारसी मालाला सरळ 'णे' लागून बदलणे, खर्चणे झालं. इंग्रजीच्या बाबतीत ते दार जवळजवळ बंद दिसतं. 'गुगलणे'सारखं रूप कुणी गमतीने लिहितं, तेवढंच. आता 'करणे' आणि 'होणे' सगळा भार उचलतात : डाउनलोड करणे, चार्ज होणे, क्लिअर होणे. क्रिया पुरी झाल्याची खूण दुसरं क्रियापद देतं, 'डिलीट करून टाकला', 'सेव्ह करून घेतला'. चेकचा उपसर्ग जे काम करतो तेच हे 'टाकला' आणि 'घेतला' करतात. म्हणून कार्डावर नुसतं 'डिलीट करणे' लिहू नका, पूर्ण क्रियापदसमूह घ्या.

'करणे' सोडून दुसरं क्रियापद आलं तर तिथे थांबाच, कारण बोलणाऱ्याने त्या वस्तूची काहीतरी कल्पना केलेली असते. स्प्रे मारतात. रिचार्ज मारतात. फोन लावतात. मिस कॉल देतात. स्टेटस ठेवतात. रील टाकतात. मोबाईल चार्जिंगला लावतात. आणि रेंज येते-जाते. घाटाखालच्या वाड्यांत ती 'वरच्या खडकावर मिळते'सुद्धा. या 'रेंज'चा इंग्रजी अर्थ पल्ला. इथे तिचा अर्थ मोबाईलचं नेटवर्क एवढाच उरला आहे. असा अर्थ आक्रसला, पसरला किंवा सरकला असेल तर कार्डाच्या कोपऱ्यात 'अर्थ' असं लाल शाईने लिहा, नाहीतर यादी करताना तो शब्द नुसता उसना म्हणून निसटतो.

'कॅनिंग' हे त्याचं कोकणातलं नामी उदाहरण. इंग्रजीत ती डबाबंद करण्याची प्रक्रिया. रत्नागिरी-देवगडच्या बागेत 'कॅनिंगचा आंबा' म्हणजे पेटीत न जाणारा, डझनाऐवजी किलोवर विकला जाणारा, रस काढणाऱ्या कारखान्याचा माल. 'कॅनिंगला घातला', 'कॅनिंग सुरू झालं', 'कॅनिंगचा दर काय?' या तीन वाक्यांत शब्द प्रक्रिया सोडून मालाची प्रत, हंगामाचा टप्पा आणि बाजारभाव झाला. कार्ड एक, अर्थ तीन.

शब्दापासून शब्द

ज्याला संतती झाली तो शब्द परका राहिला नाही. प्रत्यय हातात घेऊन शोधायला निघा. '-वाला' सगळ्यात उदार : एष्टीवाले, पर्ससीनवाले (पर्ससीन जाळ्यांनी मासे धरणारे), स्कुबावाले. '-गिरी' बहुतेक वेळा नाक मुरडून लागते, जसं एजंटगिरी. '-की' धंद्याला : मास्तरकी, डॉक्टरकी. '-पणा' गुणाला : ओव्हरस्मार्टपणा. 'रिपेअर'ला 'ई' लागून झालेली 'रिपेरी' तर पक्कं स्त्रीलिंगी नाम आहे, 'इंजिनाची रिपेरी निघाली'. मागून जोडलेल्यांइतकेच पुढून जोडलेलेही पाहा : डबल, हाफ, फुल, मिनी, बिन. सिंधुदुर्गात भजनाच्या दोन बुवांचा सामना होतो तो 'डबलबारी'. डबल इंग्रजी, बारी आपली, आणि पूर्ण शब्द अस्सल तिथलाच. इंग्रजीत त्याला जोड नाही.

आखूड केलेले शब्दही याच खान्यात येतात. 'मोबाईल टेलिफोन'चा चेकांनी 'मोबिल' केला. मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगमधलं डायव्हिंग गळून 'स्कुबा केलं' उरलं. व्यापारी नावांची सामान्यनामं होतात तीही इथेच : झेरॉक्स, जेसीबी, अलिबागकडे सहा आसनी रिक्षेला 'मिनिडोर', आणि आंबा बागेत 'कल्टार'. हे मुळात पॅक्लोब्युट्राझोल या वाढनियंत्रकाच्या एका उत्पादनाचं नाव. आता कोणत्याही कंपनीचं असलं तरी 'कल्टार घातलं'.

स्त्रीवाचक रूपांत चेक आणि आजची मराठी यांच्यात मोठं अंतर पडलं आहे, आणि ते नोंदवण्यासारखं आहे. चेकमध्ये कुठलाही व्यवसायवाचक उसना शब्द आला की त्याला जवळजवळ आपोआप '-का' लागतो. मॅनेजरची 'मानाझेर्का' होते. मराठीनेही मास्तरीण, डॉक्टरीण केलं होतं, पण त्यात 'मास्तरची बायको' हाही अर्थ मिसळला. आता '-ईण' नव्या शब्दांना लागत नाही. 'मॅनेजर मॅडम', 'कंडक्टर मॅडम' असं 'मॅडम' हेच प्रत्ययाचं काम करू लागलं आहे. तुमच्या गावात काय चालतं ते मुद्दाम टिपा.

वेश पालटून आलेली इंग्रजी

सगळी इंग्रजी इंग्रजी शब्दांतून येत नाही. चेकांनी संगणकाच्या 'माउस'ला सरळ आपल्या भाषेतला उंदीर केलं. आपण माउस ठेवला. दुकानातून निघताना 'छान दिवस असू द्या' अशा अर्थाचं वाक्य आता चेकमध्ये ऐकू येतं, आणि आपल्याकडे 'तुमचा दिवस शुभ जावो'. 'मी आपली काय मदत करू शकते?' यातला एकही शब्द इंग्रजी नाही, बांधणी मात्र तिकडचीच. मासेवाली 'काय देऊ?' विचारते. अशा नोंदींना वेगळ्या रंगाचं कार्ड ठेवा. त्यांत लिंग-सामान्यरूप काही नसतं, पण जुन्या पद्धतीचं वाक्य शेजारी लिहिलं नाही तर नोंद निरर्थक होते.

स्वतः शब्द घडवायचा असेल तर

पंचायतीचा फलक, बचतगटाचं माहितीपत्रक यांसाठी कधी मराठी प्रतिशब्द हवा असतो. रत्नागिरीला या कामाची परंपरा आहे. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी त्याच काळात लावून धरली. महापौर, दिग्दर्शक हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. चेकांचं असं काम एकोणिसाव्या शतकात झालं, जर्मनच्या दडपणाविरुद्ध. त्यात यान स्वातोप्लुक प्रेस्ल या शास्त्रज्ञांनी मूलद्रव्यांची नावं बसवली ती आजही शाळेत चालतात : ऑक्सिजन 'किस्लीक', हायड्रोजन 'वोदीक', नायट्रोजन 'दुसीक'. ती टिकायला एक कारण त्यांच्या रचनेत आहे. सगळ्यांना '-ईक' हा एकच प्रत्यय, त्यामुळे एक कळलं की मालिका कळते, आणि प्रत्येक नाव बोलताना दोनच तुकड्यांचं, जसं किस्-लीक.

म्हणून घडवलेल्या शब्दालाही तीच परीक्षा द्या जी उसन्याला दिलीत. चार अक्षरांच्या आत बसतो का? सामान्यरूप सहज होतं का? त्याचं क्रियापद कोणतं? फलकावर लावण्याआधी तो जेट्टीवर तीन माणसांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी तो परत म्हणताना अडखळत जुनाच शब्द घेतला, तर फलकावर जुनाच घाला.

शब्द 'रुजला' असा शिक्का मारण्यापूर्वी दोन वेगळ्या गावांतल्या तीन माणसांची वाक्यं कार्डावर असावीत, आणि त्यातला निदान एकजण इंग्रजी न शिकलेला. दोन वर्षांनी तीच कार्डं घेऊन त्याच ठिकाणी जा आणि नवी वाक्यं वेगळ्या शाईने खाली जोडा. पेजर किंवा एसटीडी बूथसारखा शब्द वापरातून गेलेला आढळला तर कार्ड फाडू नका. शेवटचं वाक्य आणि तारीख लिहून ते 'थांबलेले' अशा चिठ्ठीच्या डब्यात ठेवा.